शेऱ्याच्या रकान्यात न मावलेलं

तुमच्या बी.एड.च्या पाठ टाचणाच्या शेवटच्या पानावर ‘मार्गदर्शकांचा शेरा’ असा दीड इंचाचा रकाना छापलेला असतो. त्यात आम्ही ‘पाठ चांगला झाला, फलक लेखन सुधारावे’ असं लिहितो, सही ठोकतो आणि तुम्ही फाईल काखोटीला मारून निघून जाता. गेल्या तीन आठवड्यांत मी असे एकोणीस शेरे लिहिले. एकोणिसावा लिहिताना माझाच मला राग आला. म्हणून आज शाळा सुटल्यावर तुम्हा अकराही जणांना प्रयोगशाळेत बसवून घेतलंय. मलकापूरची एसटी चुकेल, हे मला माहीत आहे. पुढची आहे. मोबाईल पालथे ठेवा. दार ओढून घे रे, तुझ्या मागचं.

मंगळवारच्या आठवी ‘ब’पासून सुरुवात करते. जिचा पाठ होता तिचं नाव घेत नाही. तिला कळलंय, आणि तिच्या जागी तुमच्यातलं कुणीही असतं.

धडा पेशीचा. टाचण काय देखणं! उद्दिष्टं लाल शाईत, स्पष्टीकरणं हिरव्या शाईत, समासाला दुहेरी रेघ. ‘शिक्षक कृती : शिक्षक कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी सूक्ष्मदर्शीखाली दाखवतात. विद्यार्थी कृती : विद्यार्थी निरीक्षण करतात.’ पोरं खरंच रांगेनं आली, एक डोळा मिटून बघून गेली. मी मागच्या बाकावर होते. रांगेतला बारावा-तेरावा मुलगा, बाप दुसऱ्याच्या वावरात सालानं राबतो, डोळा लावून जरा जास्त वेळ थांबला. काचपट्टीला त्याचं बोट लागलं असणार. तो म्हणाला, “मॅडम, हे तं सरकून राह्यलं.”

आणि आपल्या मॅडम काय म्हणाल्या? “पेशी सजीव असते ना, म्हणून ती हलते. चला, पुढचा.”

मी उठून डोळा लावला. आत गोल, काळ्या जाड कडेचा, लखलखीत हवेचा बुडबुडा होता. पापुद्रा नीट पसरलेला नव्हता, वरची काच धपकन टाकलेली, आत हवा कोंडलेली. बेचाळीस पोरांनी त्या दिवशी बुडबुड्याला पेशी म्हणून नमस्कार केला आणि वहीत गोल काढून त्याला ‘कांद्याची पेशी’ असं नाव दिलं. एकालाच शंका आली होती. त्याला आपण गप्प केलं.

बुडबुडा दिसला याचा मला राग नाही. पहिल्यांदा सगळ्यांनाच बुडबुडाच दिसतो. राग याचा आहे की त्या मुलीनं त्याआधी कांद्याची पेशी स्वतः कधी पाहिलेलीच नव्हती. मी नंतर विचारलं. बी.एस्सी. झालेली, वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र घेतलेली. म्हणाली, “मॅडम, कॉलेजात तयार काचपट्ट्या होत्या. कांद्याची आकृती पाठ आहे माझी.” आकृती पाठ होती, म्हणून तर तिला गोल आणि विटेचा फरक दिसला नाही. डोळ्यांपुढे आकृती होती, भिंगाखाली काय आहे तिकडे लक्षच नव्हतं.

आता बघा. सगळे उठा, टेबलाभोवती या. हा कांदा. उभा चिरून चार फोडी केल्या. आतली एक मांसल पाकळी सोडवली. तिची आतली, खोलगट बाजू वर करा. ती मधोमध पटकन मोडायची, पूर्ण तोडायची नाही. कडेला पातळ पापुद्रा लोंबतो, तो चिमट्यानं हळूच ओढायचा. निघाला? तो थेट काचेवर टाकायचा नाही, गुंडाळी होते. आधी पाण्यात. बशीत तरंगू दे. ब्लेडनं नखाएवढा चौकोन काप. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात तो चौकोन, वर सॅफ्रानिनचा एक थेंब. एकच! परवा कुणीतरी एवढं ओतलं की लग्नातल्या कुंकवाचा सडा पडल्यासारखं दिसत होतं. जास्तीचा रंग टिपकागदानं काढ. आता आच्छादन काच : एक कड आधी टेकवायची, दुसरी सुईच्या टोकावर धरून सावकाश, अगदी सावकाश खाली आणायची. हवा पुढे पळत बाहेर जाते. धपकन टाकली की कोंडते. आधी कमी शक्तीचं भिंग. आरसा खिडकीकडे वळव, उजेड येऊ दे. दिसलं? विटांची भिंत. प्रत्येक विटेत कडेला सरकलेला गडद ठिपका, ते केंद्रक. बुडबुड्याची कड काळी आणि जाड असते, पेशीभित्तिका बारीक असते. वरच्या काचेवर टाचणीनं जरा दाबलंत तर बुडबुडा पळतो, भिंत पळत नाही.

चार मिनिटं लागली. तुमच्या टाचणाला तीन रात्री लागल्या होत्या.

या टाचणांचंही बोलूनच टाकते. मला काय आंधळी समजता? मागच्या शुक्रवारी एका फाईलवर ‘तुकडी : आठवी क’ असं होतं. आमच्या शाळेत ‘क’ तुकडी नाही. एका पाठाचा दिनांक रविवारचा निघाला. दोघांच्या टाचणांत विद्यार्थ्याचं अपेक्षित उत्तर शब्दाला शब्द सारखं होतं, ‘ऱ्हस्व-दीर्घा’च्या चुकांसकट. दरवर्षी ही फाईल ताईकडून धाकटीकडे, दादाकडून भाच्याकडे जाते. लग्नातल्या शालूसारखी. फरक एवढाच की शालू निदान नेसला जातो. पाठाच्या पाच पायऱ्या, हर्बार्टची पंचपदी, तुम्हाला तोंडपाठ आहे. आमच्याकडच्या भजनी मंडळाची पंचपदी जशी पाठ असते, तशीच, अर्थाकडे न बघता. सूक्ष्म अध्यापनाचं छत्तीस मिनिटांचं चक्र विचारलं तर झोपेत सांगाल : सहा मिनिटं शिकवणं, सहा प्रत्याभरण, बारा पुनर्नियोजन, सहा पुन्हा शिकवणं, सहा पुन्हा प्रत्याभरण. पुनर्नियोजनाला त्यात सगळ्यात जास्त वेळ का दिलाय, हे विचारलं की माना खाली. चुकलेलं दुरुस्त करायला शिकवण्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो, म्हणून दिलाय. तुम्ही ती बारा मिनिटं कँटीनमध्ये घालवलीत, हे तुमचेच मित्र मला सांगतात.

तुम्हाला वाटत असेल, बाईंना आमच्या अडचणी ठाऊक नाहीत. सगळ्या ठाऊक आहेत. बी.एड. झालं की अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी द्यायची, दोनशे प्रश्न, एकशेवीस अभियोग्यतेचे, ऐंशी बुद्धिमत्तेचे, वेळ दोन तास. मग शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव चढण्याची वाट पाहायची. लागलीच नोकरी, तर तीन वर्षं शिक्षण सेवक, माध्यमिकला महिन्याला 18 हजार. त्यातही जाहिरात निघेल तेव्हा. तोवर कुठं तासिकेवर, कुठं खासगी क्लासमध्ये, कुठं कृषी केंद्राच्या काउंटरवर. तुमच्यातला एक जण पहाटे दूध घालून शाळेत येतो, हेही मला माहीत आहे. त्याच्याबद्दल मला आदरच आहे.

पण त्या दोनशे प्रश्नांत जीवशास्त्राचा एक तरी असतो का? विषय त्यात नसतोच. म्हणजे बघा, तुम्ही वर्गावर उभं राहण्याआधी तुम्ही पेशी पाहिली आहे की नाही हे शासन विचारणार नाही, संस्था विचारणार नाही, तुमच्या कॉलेजनं विचारलेलं नाही. विचारणारा पहिला माणूस तो आठवी ‘ब’मधला मुलगा आहे. आणि तुम्ही त्यालाच म्हणालात, चला, पुढचा.

शिवाय ही जी दोन वर्षं तुम्हाला मिळाली आहेत ना, ती उगाच नाही मिळाली. आमच्या वेळी बी.एड. एकाच वर्षाचं होतं. अमरावती विद्यापीठाच्या नावात तेव्हा गाडगेबाबा यायचे होते. दोन पद्धतींचे मिळून चाळीस पाठ आम्ही धावतपळत उरकायचो. पुढे आपल्याच महाराष्ट्रात अध्यापक विद्यालयांचं एवढं पीक आलं, की मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यातून न्यायमूर्ती जे. एस. वर्मांचा आयोग बसला, 2012 साली त्याचा अहवाल आला, राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं, म्हणजे एनसीटीईनं, 2014 साली नवे नियम काढले आणि 2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात वीस आठवडे शाळेत काढायचे : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. आपल्या राज्याची अब्रू चव्हाट्यावर आल्यावर मिळालेले हे वीस आठवडे आहेत. ते तुम्ही कशात घालवताय? हजेरीपटावर सह्या, मस्टरचा फोटो, ग्रुपवर टाकायला फळ्यासमोरचा सेल्फी. काही कॉलेजांत तर फी भरली की वर्षातून चारदा तोंड दाखवलं तरी भागतं, असं तुम्हीच हसत हसत सांगता. हसू नका. अशा डॉक्टरकडे तुम्ही तुमची आई न्याल का?

एक गोष्ट तुमच्या बाजूनं बोलते. बेडूक उघडून बघण्याची संधी तुमच्या पिढीला मिळाली नाही. 2014 साली यूजीसीनं पदवीला विच्छेदन बंद केलं, चांगल्या कारणानं केलं. पण कांद्यावर कुणी बंदी घातलेली नाही. जास्वंदीवर नाही, गांडुळावर भिंग धरण्यावर नाही, शेंगदाणा भिजत घालून त्याची डाळिंबी वेगळी करण्यावर नाही.

गांडुळावरून माझीच गोष्ट सांगते, म्हणजे मी आकाशातून पडले नाही हे कळेल. माझा शेवटून तिसरा सराव पाठ होता, गांडूळ शेतकऱ्याचा मित्र. एका मुलीनं विचारलं, गांडुळाचे दोन तुकडे केले तर दोन गांडुळं होतात का? मी ठसक्यात म्हणाले, हो, होतात. लहानपणापासून ऐकलेलं होतं. आमचे पद्धती मास्तर मागे बसले होते, काही बोलले नाहीत. तास संपल्यावर मला शाळेच्या मागच्या उकिरड्यावर घेऊन गेले. फावड्यानं दोन ढेकळं उलटली. एक गांडूळ ओल्या मातीसकट माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, याचं तोंड दाखवा. मला दाखवता येईना. मग त्यांनी तो जाड पट्टा दाखवला, चौदाव्या ते सोळाव्या खंडावरचा, तो तोंडाच्या बाजूला असतो, दिशा कळते ती त्यावरून. मागचा तुकडा नवं डोकं करत नाही. झालाच तर पुढचा तुकडा शेपूट वाढवतो, तोही प्रत्येक वेळी नाही. एवढं सांगून ते सायकलवर बसून गेले. शेरा काय लिहिला होता? ‘आवाज स्पष्ट.’ दुसऱ्या दिवशी मी परवानगी न घेता त्या वर्गात गेले आणि काल मी चुकीचं सांगितलं, असं फळ्यावर लिहून सांगितलं. पाय लटपटत होते. आठवी ‘ब’मध्ये आता तुमच्यापैकी कुणाचे लटपटतील, ते आपण शेवटी ठरवू.

आता नववी. ‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’. लॅपटॉप आणलात, प्रोजेक्टरची वायर शोधण्यात दहा मिनिटं गेली, मग पडद्यावर अन्नसाखळी झळकली : गवत, हरीण, सिंह. इंटरनेटवरून उचललेली. सिंह! मोताळ्यात! इथल्या पोरांच्या हरभऱ्यात रोही घुसतात, रात्री मचाणावर बसून डबे वाजवावे लागतात. तालुक्याच्या कडेला ज्ञानगंगा अभयारण्य आहे, दोनशे पाच चौरस किलोमीटरचं. तिथं बिबट आहे, अस्वल आहे, चौसिंगा आहे. तुम्ही मात्र आफ्रिकेतून पाहुणा बोलावला.

त्यावर एका मुलानं सोन्यासारखा प्रश्न टाकला होता. “सर, आपल्या बोथ्याच्या जंगलात वाघ आल्ता, तो गेला काहून?” तुमचं उत्तर काय? “तो आपला आजचा घटक नाही.” अरे बाबा, तोच घटक होता! 2019 साली यवतमाळच्या टिपेश्वरहून एक तरणा नर निघाला. गळ्यात पट्टा होता, त्यामुळे पावला-पावलाची नोंद आहे. तेलंगणाला पाय लावून, मराठवाडा-वऱ्हाडातली वावरं, नाले, रस्ते ओलांडत तेराशे किलोमीटर चालून डिसेंबरात तो ज्ञानगंगेत, म्हणजे या बोथ्याच्याच जंगलात, पोचला. खायला होतं. पाणी होतं. वाघीण नव्हती. 2021 साली तो गौताळा अभयारण्यात कॅमेऱ्याला दिसला. एका वाघाला किती हरणं-रोही लागतात, त्या रोह्यांना किती गवत लागतं, वरच्या पायरीवर प्राणी इतके थोडे का असतात, हे सगळं त्या पोराच्या एका ‘काहून’मध्ये होतं. प्रश्न कौशल्याचे तुम्ही पाच सूक्ष्म पाठ दिलेत. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठाची पदवी घेणार आहात, ते गाडगेबाबा बी.एड. नव्हते. त्यांचं सगळं कीर्तन लोकांना विचारलेल्या प्रश्नांवर चालायचं, आणि उत्तर लोकांच्या तोंडून आल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही स्वतःच देऊन मोकळे होता, कारण टाचणात ते आधीच लिहिलेलं असतं.

दहावीचं तर विचारूच नका. भाग 2, पहिलाच धडा, आनुवंशिकता व उत्क्रांती. मी दोन पाठ पाहिले, दोन्हींत जिराफ. लामार्कचा जिराफ मान ताणतो, डार्विनचा जिराफ मान ताणत नाही, फळ्यावर दोन जिराफ, एकाची मान तर उंटासारखी. पाठ संपला. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी पऱ्हाटी आहे. सगळ्यांनी 2017 साल ऐकलंय, काहींनी तर बापाला उभ्या पिकात ट्रॅक्टर घालताना पाहिलंय. गुलाबी बोंडअळी. खिडकीतून दिसणाऱ्या वावरात उत्क्रांती चाललेली असताना तुम्ही सवानात फिरत होतात!

नीट ऐका, कारण हे तुमच्या गाईडमध्ये नाही. बीटी कपाशीला आपल्याकडे 2002 साली परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं, बॅसिलस थुरिंजिएन्सिसचं, एक जनुक कपाशीत घातलं. त्यामुळे झाडच एक प्रथिन बनवतं. अळीनं पान किंवा पाती खाल्ली की ते तिच्या आतड्याला भोकं पाडतं, अळी खाणं सोडते, मरते. 2006 साली दुसरं जनुकही जोडलं, म्हणजे दोन कुलुपं लावली. आता लाखो अळ्यांत एखाद-दुसरी अशी असतेच की जिच्यावर ते प्रथिन नीट चालत नाही. तिनं मान ताणली नाही, तिनं विष पचवायची सवय लावून घेतली नाही. ती जन्मतःच तशी होती. बाकीच्या मेल्या, ती उरली. तिच्यासारख्याच उरलेल्या दुसऱ्याशी जोडी जमली, की पोरंबाळं तशीच. म्हणून बियाण्याच्या पिशवीत बिगर-बीटीची एक छोटी पुडी यायची, भोवतीनं लावायला. तिथं साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांशी या राकट पतंगांची सरमिसळ व्हावी आणि तो गुण पातळ राहावा, हा हिशोब. ती पुडी कोण लावतो, असं मी परवा दहावीला विचारलं. सगळा वर्ग हसला. एक जण म्हणाला, “आमच्या घरी तं ते कोठीवर पडून आहे.” त्यात फरदड. पैसे दिसतात म्हणून कपाशी उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवायची, म्हणजे अळीला बाराही महिने जेवणाचं ताट. आता सांगा, नैसर्गिक निवड शिकवायला जिराफ लागतो? डोमकळी झालेलं एक फूल पोराला आणायला सांगायचं, टाचणीनं उघडायचं, आत अळी. नंतर फळ्यावर डार्विनचं नाव लिहायचं. त्याआधी नाही.

फुलाचाही राग आहे माझा. शाळेच्या नळाजवळ जास्वंद बारमाही फुलते. प्रत्येक पाठाला तिला डोकं घासून तुम्ही आत आलात आणि आत येऊन भिंतीला फ्लेक्स टांगला. चारशे रुपयांचा फ्लेक्स. त्यावरचं फूल कुठल्याच झाडाला येत नाही. पुंकेसर सुटे, मधे कुंडीसारखा अंडाशय, ते पुस्तकी फूल. जास्वंदीत पुंकेसरांची नळी होऊन कुक्षिवृंताला वेढून बसते, हे तुमच्यातल्या एकालाही सांगता आलं नाही, कारण फुलाला हातच लावला नव्हता. कपाशीचं फूल तसंच असतं. भेंडीचं तसंच. अंबाडीचं तसंच. सगळी एका कुळातली भावंडं. आजीला अंबाडीची भाजी निवडताना विचारलं असतं, तरी अर्धा धडा झाला असता. कपाशीचं फूल पहिल्या दिवशी मलईसारखं फिकट असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी पडतं, हे वेचणीला जाणाऱ्या कुठल्याही सातवीतल्या मुलीला माहीत असतं. का पडतं, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगणार होतात.

आणि सूक्ष्मदर्शी नाही, एकच आहे, त्याचा आरसा फुटलाय, ही रड मला सांगू नका. हे घ्या. देवाच्या वातीचा कापूस नाही, ही सरकीसकट बोंडातली पाकळी आहे, माझ्या पिशवीत असते. एक तंतू ओढा. एकच. धरा उजेडात. हा जो केसासारखा धागा तुमच्या चिमटीत आहे, अडीच-तीन सेंटीमीटर लांब, ही एक पेशी आहे. एकच. सरकीच्या सालीच्या बाहेरच्या थरातली एक पेशी, हजारपटीहून जास्त लांब वाढलेली. काय रे, तोंड का वासलंस? बी.एस्सी. आहेस ना? तुझ्या अंगावरच्या शर्टात अशा कोट्यवधी पेशींच्या वाळलेल्या भित्तिका आहेत. तुझ्या आजोबांनी जन्मभर पेशी वेचल्या, जिनिंगला नेऊन विकल्या. आठवी ‘ब’च्या त्या मुलाला बुडबुडा दाखवण्याऐवजी हे त्याच्या हातात दिलं असतं तर? त्याच्या घरी याचे ढीग पडतात.

एक विषय उरला, तो थोडक्यात. दहावी भाग 2 मधला तिसरा धडा. सजीवांतील जीवनप्रक्रिया, त्याचा दुसरा भाग, प्रजनन. तुम्हा अकरा जणांतल्या एकानंही तो पाठासाठी घेतला नाही. आणि वर्गावर बदली तासाला गेल्यावर एकानं ‘हा घरी वाचून या’ म्हणून पान उलटलं. घरी कोण सांगणार आहे? आईला तिच्या आईनं सांगितलं नाही. मुलांना मोबाईल सांगतो, आणि काय सांगतो ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे. तुम्ही लाजलात की पोरं समजतात, यात लाजण्यासारखं काहीतरी आहे. ‘गर्भाशय’ हा शब्द ‘फुप्फुस’ म्हणतो त्याच आवाजात म्हणायचा. आरशासमोर उभं राहून सराव करा, पुरुषांनी जास्त. हा धडा तुम्ही घेणार, मुलामुलींना एकत्र बसवून घेणार, मी मागे बसणार. कुणी खुसखुसलं तर माझ्याकडे बघायचं नाही. तुमचं तुम्ही निभवायचं.

रडू नकोस ग. पदर सोड, नाक पूस. तुला एकटीला बोलले नाही. तू त्या मुलाला खोटं सांगितलंस, ते घाबरून सांगितलंस, हे मला मागच्या बाकावरून दिसत होतं. ‘मला माहीत नाही, थांब, आपण दोघं बघू’ एवढं वाक्य तोंडातून निघायला मला तीन वर्षं लागली.

आता कामाचं. येत्या मंगळवारी आठवी ‘ब’ पुन्हा तुझ्याकडे. टाचण लागणार नाही, मी सही करून ठेवलीय कोऱ्या पानावर. बेचाळीस पोरं, सात-सातचे सहा गट, प्रत्येक गटावर तुमच्यातला एक. बाकीच्यांनी काचा पुसायच्या आणि पाणी भरायचं. कांदे भाजीवाल्याकडून मोठे आणा, कोंब आलेले नकोत. बुडबुडा मुद्दाम एका काचपट्टीवर करून ठेवायचा आणि त्या मुलाला पहिला बोलवायचा. तो काय म्हणतो ते ऐकून घ्यायचं. मग तू त्याला काय सांगायचं ते तुझं तू ठरव. ते मी लिहून देणार नाही.

गांडुळाचा पाठ कुणाचा आहे पुढच्या आठवड्यात? तुझा? मग उद्या सकाळी साडेसहाला गोठ्यामागे भेट. जुनी चप्पल घालून ये.

आणि जाताना या काचपट्ट्या धुऊन, पुसून, पेटीत उभ्या लावून ठेवा. परवाच्या सॅफ्रानिनच्या तशाच वाळल्या होत्या, मला नखानं खरवडाव्या लागल्या. ते बघा नख. अजून लालच आहे.